मिठाच्या खळीची पाकिटं

१९९४ साल. मी एकसष्ट वर्षांचा होतो, आणि खळ जेवढी मला कळते तेवढी म्हैसुरात दुसऱ्या कोणाला कळत नाही असं माझं मत होतं. ते मत अजून तसंच आहे. माझी दुसरी पुष्कळ मतं होती, त्यातलं एक त्या साली तलकाडला कसं गेलं ते लिहितो.

माझी शाळा तिसरीपर्यंत, तीही कन्नड. मराठी अक्षरं वडिलांनी पाटीवर काढून दिली, म्हणून हे एवढं तरी जमतं. आमचे पूर्वज जुन्या म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार. घोडे गेले, फौज गेली, डोक्यावरचा पेटा, म्हणजे तुमचा फेटा, तेवढा राहिला. मंडी मोहल्ल्यात माझं पेटे बांधायचं दुकान होतं. पेट्याच्या मलमलीला खळ लागते, म्हणजे पीठ पाण्यात शिजवून केलेली चिकट पेज. कमी पडली तर पेटा नवरदेवाच्या कानावर झोपतो, जास्त झाली तर पापडासारखा मोडतो. मी बोट बुडवून सांगायचो, झाली की नाही. वजन नाही, माप नाही.

त्या साली बायकोला साखरेच्या आजारासाठी सुई सुरू होऊन वर्ष झालं होतं. सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवणाआधी. अंगठ्याएवढी काचेची बाटली, आत दुधासारखं पांढरं औषध, आणि ती बाटली फ्रिजमध्ये. त्यामुळे बायकोही फ्रिजला बांधल्यासारखी झाली होती. वर्षभरात चामराजपुरमच्या आमच्या घराबाहेर ती एक रात्र राहिली नव्हती.

आणि तिच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं, तलकाडला. बहिणीचा नवरा तिथे शाळामास्तर. ही मुलगी लहानपणी चार वर्षं आमच्याकडे होती, बायकोच्या कुशीत झोपलेली. पहिली हळद मावशीनंच लावायची असं तिनं सांगून ठेवलेलं. तीन दिवस राहायचं, आणि मास्तरांच्या घरात फ्रिज नाही.

"मी जाणार," बायको म्हणाली. "औषध येऊ दे नाहीतर राहू दे."

"औषधाशिवाय पाऊल बाहेर टाकायचं नाही."

"मग कसं न्यायचं ते तुम्ही बघा री. एवढे शहाणे आहात."

आमच्याकडच्या बायका नवऱ्याला कन्नडातलं 'री' म्हणतात. त्या 'री'त मान किती आणि टोला किती, ते आवाजावरून ओळखायचं.

सून हापिसात नोकरीला. ती मला मावा म्हणते, म्हणजे सासरेबुवा. ती म्हणाली, "मावा, आमच्या हापिसात एकीजवळ बर्फाचा डबा आहे. आत निळी पाकिटं असतात. फ्रीजरमध्ये घट्ट करायची, वितळली की पुन्हा घट्ट करायची, वर्षानुवर्षं चालतात. मागून आणते, आयतु, झालं काम."

"लग्नाला जायचं ते उसना बर्फ घेऊन?" मी म्हटलं. "काय असतं त्या पाकिटात?"

"घट्टसर काहीतरी असतं. पेजेसारखं."

पेज! मला हसू आलं. म्हणजे ज्या वस्तूत माझं आयुष्य गेलं ती निळा रंग घालून लोक विकत होते आणि माझी सून ती मागून आणणार होती.

त्याच दिवशी कामाला लागलो. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घातल्या. दुकानातल्यासारखी खळ शिजवली, निववली, पिशवीत भरली. पिशवीचं तोंड करवतीच्या पात्यावर दुमडून कडेला मेणबत्ती फिरवली की प्लास्टिक वितळून चिकटतं. ही युक्ती मी शेंगदाणेवाल्याची बघून ठेवली होती. पहिल्या पिशवीला भोक राहिलं आणि खळ फ्रीजरच्या तळाला धरली. सुनेनं ती उलथन्यानं खरवडून काढली आणि उलथनं माझ्यासमोर ठेवून गेली. न बोलण्यात ती फार हुशार.

दुसऱ्या खेपेला पाकिटं घट्ट झाली, पण संध्याकाळपर्यंत मऊ पडली. तेव्हा मला कुल्फीवाला आठवला. तो बर्फात मीठ घालतो ते काय वेडा म्हणून? मी खळीत जाडं मीठ घातलं. ओंजळभर. दोन दिवस ठेवूनही ती पाकिटं गोठेनात.

"पायस झालंय मावा, नुसती खीर," सून म्हणाली. "मीठ कशाला? साधं पाणी भरा की. ते पुरे."

"साधं पाणी कोणीही भरेल."

एकेक मूठ मीठ कमी करत गेलो. फ्रीजर माझ्या पिशव्यांनी भरला, खोबऱ्याला जागा उरली नाही, आठवडाभर घरात चटणी झाली नाही. आणि मग एक दिवस जमलं. औषधाच्या दुकानातून थर्माकोलचा डबा मागून आणला होता. त्यात पाकिटं घालून गच्चीवर ठेवली, दुसऱ्या दिवशी सकाळी बोट लावलं तर बोट चिकटलं. मी सगळ्यांना बोट लावायला लावलं. मुलाला, सुनेला, बायकोला, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडक्लार्कला.

निघायच्या सकाळी सुनेनं डबा स्वतः भरला. बाटली टॉवेलात गुंडाळली, मधोमध ठेवली. बाटलीबरोबरचा इंग्रजी कागद तिनं वाचला होता. म्हणाली, "पाकिटाला बाटली चिकटू देऊ नका. फार गार झालेलं पण चालत नाही."

"गार ठेवा म्हणतो आणि फार गार नको म्हणतो. त्या कागदाचं आधी काय ते ठरू दे."

"मावा, तेवढं ऐका. सुम्ने, उगाच हट्ट नको."

मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं.

बसमध्ये डबा मांडीवर होता. टॉवेल माझ्या डोक्यातून जाईना. एवढ्या मेहनतीनं केलेला गारवा, आणि तो बाटलीपर्यंत पोचू नये म्हणून मधे गोधडी! टी. नरसीपूरला बस थांबली, बायको खिडकीतून शेंगा घेत होती. तेवढ्यात मी डबा उघडला, टॉवेल काढला, बाटली दोन पाकिटांच्या मधे घट्ट बसवली आणि वरून रबर लावलं. मनाला बरं वाटलं.

तलकाडला मांडव घातला होता. माझ्या डोक्यावर स्वतःच्या हातचा नवा मलमलीचा पेटा, हातात डबा. मास्तरांनी विचारलं, "यात काय भावजी, मिठाई का?" मग काय. मी सांगत सुटलो. कोणी नाही विचारलं तरी सांगितलं. वराकडचा एक जण इंजिनीयर होता, त्याला तर मी खळीपासून सुरुवात केली. डबा उघडायचा, वरचं पाकीट काढायचं, "हात लावून बघा" म्हणायचं. जो तो हात झटकायचा आणि मी डबा मिटायचो. बाटली खाली दडलेली होती, ती दाखवायचं कारण नव्हतं.

संध्याकाळी जेवणाआधी बायको माजघरात सुई घेऊन बसली. मी रबर काढून बाटली तिच्या हातात दिली. ती नेहमी बाटली दोन तळव्यांत घोळवते, औषध नीट मिसळावं म्हणून. घोळवता घोळवता थांबली.

"री, हे हलत नाही."

मी घेतली. बाटली उलटी केली. आतलं पांढरं जिथल्या तिथे, दगड झालेलं. पाकिटांनी काम चोख केलं होतं.

"जरा थांब," मी म्हटलं. "आत्ता पातळ होतंय."

बाटली काखेत धरून मी भिंतीकडे तोंड करून बसलो. बाहेर बायका हळदीची ताटं लावत होत्या. थोड्या वेळानं काढली, तर औषध पातळ झालं होतं खरं, पण फाटलेल्या दुधासारखं. खाली चुरा, वर पाणी. हलवलं तरी चुरा एकजीव होईना. खळ अशी झाली तर मी ती मोरीत ओततो.

बायको माझ्याकडे बघत होती. सुई तयार, दंडावरची चोळी वर सरकवलेली. मी घे म्हणालो असतो तर तिनं घेतली असती. वर्षभर मी सांगेन तेवढीच मात्रा ती भरून घेत होती.

"घेऊ का?"

पलीकडच्या खोलीत तो इंजिनीयर कोणाला तरी माझी पाकिटं समजावून सांगत होता, आणि चुकीची सांगत होता.

"नको," मी म्हटलं. "बिघडलंय. मी बिघडवलं. टॉवेल काढला होता."

तिनं चोळी खाली केली. "कधी?"

"नरसीपूरला. तू शेंगा घेत होतीस."

"मला वाटलंच, एवढे गप्प कसे बसलात," ती म्हणाली, आणि मग हलक्या आवाजात, "उद्या हळद आहे री. मला आत्ता परत नेऊ नका."

मास्तरांच्या शेजारी फोन होता. मी घरी लावला. सुनेला सगळं सांगितलं, टॉवेलासकट.  ती म्हणाली, "डॉक्टर शेजारीच आहेत, विचारून येते, फोन ठेवू नका." शेजाऱ्याच्या घरातली सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी.

"ते औषध टाकून द्या," सून परत येऊन म्हणाली. "आज भात नाही, गोड नाही, थोडी भाकरी आणि ताक. उलटी झाली, गुंगी आली तर लगेच गाडी करून इकडे आणा. नाहीतर सकाळी नवी बाटली आणा आणि मगच त्यांना खायला द्या. नरसीपूरच्या दुकानात मिळेल."

"आणि ती आणू कशी?"

"डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवसांना बर्फ लागतच नाही. ओलं फडकं आणि मातीचं मडकं पुरे." आणि फोन ठेवता ठेवता, "मावा, पाकिटं घट्ट आहेत का अजून?"

"आहेत," मी म्हटलं.

घट्ट होतीच. बायकोनं कोपऱ्यात बसून भाकरी खाल्ली, पंगतीतल्या होळिगेकडे, म्हणजे पुरणपोळीकडे, बघितलं नाही. भट्टीवरच्या आचाऱ्याचा हात तेलानं पोळला होता, त्याला थंड काहीतरी हवं होतं. मास्तरांनी माझा डबा नेला. एक पाकीट फडक्यात गुंडाळून त्याच्या हातावर, बाकीची ताकाच्या पातेल्याभोवती. मोठं कौतुक झालं. लोक येऊन मला सांगत होते, काय डोकं आहे हो तुमचं. मी हो म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं मी नरसीपूरला गेलो. दुकान उघडलं नव्हतं, शटरसमोर बसून राहिलो. दुकानदार आला, बाटली काढली आणि विचारलं, "न्यायला काय आणलंय?" गडबडीत मी काहीच आणलं नव्हतं. मडक्यांचं दुकान शोधायला वेळ नव्हता, दहाला हळद, आणि बायको उपाशी बसलेली. मी डोक्यावरचा पेटा उतरवला, तिथेच नळाखाली धरला, पिळला आणि बाटली त्यात घडीवर घडी गुंडाळली. तशीच छातीशी धरून बसमध्ये बसलो.

मांडवाच्या दारात मास्तर उभे. "भावजी, पेटा कुठाय?"

मी ती ओली गुंडाळी आत जाऊन बायकोच्या ओच्यात ठेवली आणि हात धुवायला मागच्या अंगणात गेलो. पेट्याची खळ बोटांना धरली होती, निघता निघेना.