अनुमोदक हौसराव

२६ जानेवारी २०२५ च्या ग्रामसभेत बिबट्या हेरणाऱ्या यंत्रणेला ६,४८,७२० रुपये मंजूर झाले. रानात खांब उभे करायचे, त्यांवरच्या कॅमेऱ्याने बिबट्या ओळखायचा आणि भोंगा वाजवायचा. गाव तळेगाव ढमढेऱ्याहून जीपने अर्ध्या तासावर, चहूबाजूंनी ऊस.

हौसराव सभेला नेहमी वेळेवर येत. म्हणून तीस वर्षे प्रत्येक ठरावाखाली अनुमोदक म्हणून त्यांचेच नाव पडे. त्यांना त्याचा अभिमान होता. पाहुण्यांना सांगत, "माझ्याबिगर गावात नळसुदिक बसत न्हाई."

त्या दिवशी ते उठून म्हणाले, "पहिला खांब गेणबाच्या वस्तीवर. तिथं मेंढरं हायेत, पोरं हायेत. आन् भोंगा न्हाई वाजला तर जबाब कुणी द्यायचा, त्येबी लिवा."

"लिवतो की आप्पा," सरपंच सत्यजीत म्हणाला. तो त्यांचा सख्खा पुतण्या.

गेणबाही बोलायला उठला होता. हौसरावांनी त्याला हाताने खाली बसवले. "मी बोललोय न्हवं?"

कंपनीकडून खांब तीन आले. एक सत्यजीतच्या फार्महाउसपाशी, एक पेट्रोल पंपावर, एक वेशीच्या कमानीला. एप्रिलमध्ये बिबट्याने गेणबाच्या चार मेंढ्या मारल्या. भोंगा वाजला नाही. वस्तीवर खांबच नव्हता.

गेणबा ग्रामपंचायतीत जाब विचारायला गेला आणि तिथून सरळ हौसरावांच्या ओट्याशी आला. बसला नाही.

"आप्पा, ठरावात लिवलंय, खांबाची जागा कंपनी ठरवंल, गावानं त्यावर बोलायचं न्हाई. खाली नाव तुमचं. तुम्ही बसवलं म्हणून मी बसलो."

हौसराव पायांत चप्पल सरकवून तडक कार्यालयात गेले.

"मसुदा कंपनीकडनं छापूनच आला हुता," सत्यजीत म्हणाला. "तुमचं नाव कायमचंच. टाकलं."

"मला इचारलं का?"

"आजवर कवा इचारलं हुतं, आप्पा?"

हौसरावांनी आठवून पाहिले. विचारल्याची एकही सभा आठवली नाही.

"खोडा माझं नाव."

"त्याला नवा ठराव लागंल. आन् अनुमोदक बघा कुणीतरी." बाकावरचे दोघे हसले.

त्यांनी ठरावाची नक्कल मागितली. शिपाई भैरूने शिक्का मारून दिली. "वीस रुपये झालं, आप्पा."

"ज्यानं माझं नाव टाकलं, त्येच्याकडनं घे."

नक्कल घेऊन ते वस्तीवर गेले. गेणबाने कागद हातात घेतला नाही. उरलेली मेंढरं पुढे घालून तो चालू लागला.

एक मेच्या सभेला हौसराव गेले नाहीत. त्या दिवशीच्या पाचही ठरावांखाली अनुमोदक म्हणून त्यांचेच नाव आहे. नकलेचे वीस रुपये त्यांच्याकडून अजून येणे आहेत.