उजवी काठी

नामांतर आंदोलनातल्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन आम्ही विद्यापीठाजवळ भरवलं होतं. पडेगावहून आलेली सत्तरीची एक बाई एका फोटोपुढं थबकली. मोर्चातला फलक, त्याची डावी काठी धरलेला तरुण, आणि उजव्या काठीवर, फोटोच्या अगदी कडेला, बांगड्या भरलेला नुसता हात. खाली मी तरुणाचं नाव लिहिलं होतं. हाताबद्दल काहीच नाही.

तिनं चष्मा वर सरकवला, आपला हात काचेला लावून बघितला.

"तुमचाच का हो, मावशी?" मी लगेच पेन काढलं.

"माझा असंल, नाय तर शेजारणीचा. काठी लई जड होती, सर. आम्ही बाया आळीपाळीनं धरत होतो."

"मग नाव कुणाचं लिहू?"

"एकीचं नका लिहू. बाकीच्या म्हणतील, आम्ही काय नुसत्याच चाललो व्हय?"

काचेवर उमटलेली बोटं पदरानं पुसून ती निघून गेली. मी उघडं पेन धरून तिथंच उभा. स्वतःला अभ्यासक म्हणवतो मी. पण डावी काठी तरी त्या तरुणानं एकट्यानं धरली होती का, हे कधी कुणाला विचारलंच नव्हतं.