वाचताना गाळलेला शब्द

जाऊबाईंना जाऊन सव्वा महिना झाला. शेवटच्या सकाळी त्यांनी पाणी मागितलं नाही, आरसा मागितला. मी समोर धरला. कपाळावरचं कुंकू जागेवर आहे एवढं पाहिलं आणि डोळे मिटले...

माझे थोरले दीर ब्रह्मदेशाच्या लढाईत गेले. तार आली, प्रेत आलं नाही. बायका बांगड्या फोडायला जमल्या तेव्हा जाऊबाई आतून कडी लावून बसल्या. "कागदावर मेला तो. म्या नाई पाह्यला," एवढंच म्हणाल्या. कुंकू तसंच राहिलं. गावानं आधी नावं ठेवली, मग नाद सोडला. मी तेव्हा नवी सून, चौथी शिकलेली, पण चारचौघांत तोंडातून शब्द न निघणारी. माझ्या वाट्याचं बोलणंही त्याच बोलत.

पेन्शन मात्र त्या घेत. "त्याचा पगार आहे, घरी पाठवून राह्यला," म्हणत. लढाई संपली, स्वराज्य आलं, पेन्शन तेवढीच राहिली आणि तळेगावचा बाजार दरवर्षी चढत गेला. आधी साखर सुटली, मग गुळाचा चहाही एकाच वेळेवर आला. "तेली आता बाटलीत तेल नाई, तेलाचा वास भरून देते," असं म्हणून त्या हसत. पण कपाशी घरात येईपर्यंत माझ्या दोन पोरींच्या पोटाला त्याच पैशाचा आधार होता.

एका वर्षी कचेरीत नवा बाबू आला. त्यानं त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. "बाई, पाट लावला वाटते? मंग पेन्शन बंद." विधवेच्या दुसऱ्या लग्नाला आमच्याकडे पाट म्हणतात. जाऊबाई म्हणाल्या, "पाट लावला असता तं पैसे घ्याले तोच नसता आला काय, बाबूसाहेब?" सगळी रांग हसली. बाबू हसला नाही.

घरी आमचे हे म्हणाले, "वैनी, एक दिवस पुसून जा. कोणाले दिसते?"

"मले दिसते नं."

पुढचे कितीतरी महिने पैसे आले नाहीत. जाऊबाई कापसाची सरकी काढायच्या जिनात कामाला जाऊ लागल्या. कापसाची धूळ छातीत बसून खोकू लागल्या. शेवटी पाटील म्हणाले, पाट लावला नाही असा अर्ज लिहून आणा, मी सही देतो. लिहिता येणारी घरात मीच. मी लिहिलं, "ही बाई कुंकू लावते ते आपल्या मयत नवऱ्याच्या नावाचं. तिनं पाट लावलेला नाही." मयत लिहिल्याशिवाय अर्ज चालला नसता, आणि तो शब्द कानावर पडला तर त्यांनी अंगठा दिला नसता. मी ओळीवर बोट ठेवून अर्ज वाचून दाखवला आणि मयत गाळला. त्यांनी अंगठा दिला. पेन्शन सुरू झाली, अडकलेले पैसेही मिळाले. पोरींच्या ताटात पुन्हा वरण आलं.

मला मात्र ते वरण गोड लागेना. बोलकी माणसं बोलून मोकळी होतात. मी ती फसवणूक वर्षानुवर्षं पोटात ठेवली...

जाण्याच्या चार दिवस आधी मी त्यांचे पाय चेपत होते. त्या एकदम म्हणाल्या, "कमले, अर्जातला एक शब्द गिळला होता नं तू?"

माझे हात थांबले.

"तुहं बोट समोर गेलं अन् आवाज मांगंच राह्यला. मले वाचता येत नाई, पाहता तं येते."

"मंग अंगठा काऊन देला, बाई?"

"तू वाचला नाई म्हणून." आणि खोकत खोकत हसल्या. "चेप आता, थांबली काऊन?"

मी पदरात तोंड घालून रडले आणि आतलं सगळं हलकं झालं.

त्यांना न्यायच्या वेळी एका म्हातारीनं कपाळ पुसायला ओला फडका पुढं केला. "राहू द्या," मी म्हणाले. माझा आवाज ऐकून तीच दचकली आणि बाजूला झाली.

त्यांचा लाकडी करंडा कोनाड्यात आहे. आतल्या मेणाला त्यांच्या बोटाचा खळगा पडला आहे. माझं बोट त्यात सैल बसतं. मी रोज सकाळी तिथलंच मेण घेते, वर कुंकू लावते. शेजारणी विचारतात, तुझा करंडा असताना हा कशाला? मी पूर्वीसारखीच काही बोलत नाही. पण आता गप्प राहणं जड जात नाही.