बप्पांपुढचं सूप

आमच्या घरात एक रीत आहे. सोयरीक पक्की झाल्याशिवाय मुलाकडं जेवायचं नाही. चहा चालतो, पोहे चालतात, फार तर शेवचिवडा. पण ताटावर बसून चार घास खाल्ले की होकार दिला असं धरतात, मग वेगळं काही बोलावं लागत नाही. आणि वाढलेल्या ताटावरून उठलं तर तो नकार. माझ्या पुतणीच्या वेळी बप्पा असेच एका घरी वाढलेल्या ताटावरून उठले होते. का उठले ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची टाप नाही. ते स्थळ तिथंच संपलं.

बप्पा म्हणजे माझे थोरले दीर. सगळं युसूफ वडगाव त्यांना बप्पाच म्हणतं. एके काळी गावचे सरपंच होते, आता नुसते बप्पा आहेत, पण त्यानं काही फरक पडलेला नाही. घरात शेवटचा शब्द त्यांचा. आमचे हे त्यांच्या पाठचे भाऊ, आणि यांनी आयुष्यात बप्पांना न विचारता घेतलेला निर्णय मला तरी आठवत नाही. माझं तर बप्पांशी थेट बोलणंच नाही. ते समोर आले की पदर डोक्यावर जातो. काही सांगायचं झालं तर ते लेकराकडून सांगतात, मीही लेकराकडूनच उत्तर पाठवते. त्यांच्यासमोर मी कधी घास खाल्लेला नाही. ते जेवून हात धुवायला उठले की मी बसते. इतकी वर्षं असंच चाललं आणि मला त्याचं काही वाटलं नाही, हेही सांगून टाकते.

आमची एकुलती एक लेक अंबाजोगाईत फार्मसी शिकवते. तिनं एक मुलगा पसंत केला. आपल्याच सोयरिकीतला, चकलांब्याचा, घरी शेती. इथवर सगळं ठीक होतं. पण मुलगा करतो काय, तर स्वयंपाक. पुण्यात शिकला, मग पाँडिचेरीला एका मोठ्या हॉटेलात राहिला आणि आता अंबाजोगाईत मेडिकल कॉलेजच्या रस्त्याला त्यानं फ्रेंच बिस्त्रो काढलेला. बिस्त्रो म्हणजे काय ते लेकीनं मला समजावलं. घरगुती जेवणाचं लहान हॉटेल. मी म्हणाले, मग खानावळ म्हण की. ती रुसली. बप्पांनी एकदाच विचारलं, "म्हंजी आचारी का?" आणि पुढं महिनाभर विषय काढला नाही. लेक सुट्टीला आली की बप्पांच्या तोंडाकडं बघत बसायची. फोनवर हळू आवाजात त्या पोराशी बोलायची, अरे-तुरे करायची, आणि फोन ठेवला की डोळे पुसायची. मला तिचा राग यायचा आणि जीवही तुटायचा.

मग एका शनिवारी बप्पाच म्हणाले, आधी धंदा बघू, घरच्यांना मागून भेटू. गाडीत बसताना त्यांनी यांना सांगितलं, "च्या घिऊ. जेवायचं का न्हाई ते तितं बघू." यांनी मान हलवली. मी मागच्या सीटवर खिडकीकडं बघत होते.

बिस्त्रोची पहिली पायरी चढलो आणि मी मनात म्हणाले, झालं. आत भर दुपारी अंधार. खिडक्यांना जाड पडदे आणि टेबलांवर एकेक पिवळा दिवा. आमच्या भागात असा उजेड परमिट रूममध्येच असतो. बप्पा उंबऱ्यातच थांबले. मुलगा पुढं आला, वाकून पाया पडला, आणि बप्पा त्याला आशीर्वाद द्यायच्या आधी म्हणाले, "लाइट न्हाई का?" मुलानं निमूट पडदे बाजूला सारले. ऊन सरळ आत आलं तेव्हा कुठं बप्पा पुढं झाले. मला तेवढ्यानंही बरं वाटलं.

गोल टेबल एकच, चार खुर्च्यांचं. बाकी टेबलांवर मेडिकलची मुलंमुली होती. लेकीनं हे गोल टेबल मुद्दाम धरलं होतं, सगळ्यांना सगळे दिसतील म्हणून. या कार्टीला इतकं शिकवलं, पण आई बप्पांसमोर कशी बसेल हे तिच्या डोक्यात आलं नाही. मी खुर्ची जरा मागं ओढून यांच्या आड बसले. समोर काचेचे पेले, काटे, चमचे, घडी घातलेलं पांढरं फडकं. फडकं कुठं ठेवायचं ते मला माहीत होतं, पण मी ठेवलं नाही.

बप्पांनी मुलाला प्रश्न विचारले. भाडं किती, माणसं किती, माल कुठून येतो. मुलगा नीट उत्तरं देत होता. पाव इथंच भाजतो म्हणाला. लोणी गेवराईकडनं, गावाकडून येतं म्हणाला. वांगी, टोमॅटो लातूरच्या बाजारातून. कावून बरं, अंबाजोगाईला बाजार न्हाई का, असं बप्पांनी विचारलं. मुलगा म्हणाला, तिथं एकसारख्या आकाराची मिळतात. बप्पा हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत. मग मुलानं विचारलं, चहा आणू की जेवण घेणार. आमचे हे टेबलाकडं बघायला लागले. लेकीनं श्वास रोखला ते मला शेजारून कळलं. बप्पांनी समोरचा पेला बाजूला सारला आणि म्हणाले, "आण काय आणायचं ते."

ते उठून मोरीवर जाऊन हात धुऊन आले. शर्टाची बाही वर सारली. माझ्या मनात एकदम उजाडलं, कारण जेवायचं नसेल तर माणूस हात धूत नाही.

पहिल्यांदा सूप आलं. कांद्याचं. लहान मातीच्या वाडग्यात, वर पावाचा तुकडा आणि त्यावर वितळलेलं चीज. वासावरून कांदा किती वेळ परतलाय ते कळत होतं. घाई केली की कांदा कडवट होतो, हा तसा नव्हता. लालसर गोड वास होता, मटणाच्या रश्शाला कांदा भाजताना येतो त्याच्या जवळचा. शेजारी टोपलीत पाव. मुलानं चारही वाडगे ठेवले, डावीकडून ठेवले, काही न बोलता दोन पावलं मागं सरला, हात पाठीशी बांधले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

आणि कुणीच सुरुवात केली नाही.

बप्पा सूपकडं बघत बसले. हात मांडीवर. आमचे हे बप्पांकडं बघत बसले. ते सुरू करत नाहीत तोवर हे कसे करतील? माझा तर प्रश्नच नव्हता. लेक एकदा बप्पांकडं, एकदा दाराकडं. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी मोठ्यानं हसलं तेव्हा मी दचकले. वाफ कमी होत गेली. चीज घट्ट व्हायला लागलं. मला पुतणीच्या वेळचं ते ताट आठवत होतं, वरणभातावर तुपाची धार तशीच गोठलेली. आता बप्पा उठतील, खुर्ची मागं सरकेल, आणि माझ्या लेकीचं सगळं इथं, या परक्या पेल्याफडक्यांत संपेल. मला त्या मुलाचा असा राग आला की काय सांगू. हात बांधून उभा आहे दारात, पोलीस असल्यासारखा. काही बोल की.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. काही बोल की.

आमच्याकडं वाढलं म्हणजे जेवण सुरू होत नाही. कुणीतरी म्हणावं लागतं, घ्या. बसा, घ्या, सुरुवात करा. मग पाहुणा जरा थांबतो, यजमान पुन्हा म्हणतो, घ्या ना, गार होतंय. मग घास तोंडात जातो. आणि पुढंही अर्धी भाकरी नको-नको म्हणत ताटात पडते. तो आग्रह नसेल तर ते जेवण नव्हे, भीक. बप्पा नकार देत नव्हते. ते वाट बघत होते. एवढं हात धुऊन बसलेला माणूस, त्याला घ्या म्हणणारं तिथं कुणी नव्हतं. आणि त्या पोराला त्याच्या कामात शिकवलेलं की गिऱ्हाईक जेवताना डोक्यावर उभं राहायचं नाही, बोलायचं नाही, खा-खा म्हणायचं नाही. चकलांब्याच्या आईच्या पोटी जन्मून हे पोरगं ते विसरलं होतं.

मला ते कळलं, पण सांगणार कुणाला? मी काही त्या घरची नव्हते, मी घ्या म्हणून काय उपयोग. यांना कोपरानं ढोसलं तर हे म्हणाले, काय झालं. मी लेकीकडं बघितलं. डोळ्यांनी सांगायचा प्रयत्न केला. ती घाबरून माझ्याकडंच बघत राहिली.

मग मुलगा पुढं आला. चेहरा उतरलेला. त्यानं बप्पांच्या बाजूला वाकून हळू आवाजात विचारलं, "आवडलं नाही का? मी पुढचं आणतो," आणि वाडगा उचलायला हात घातला.

यांच्या तोंडून नुसता श्वास निघाला. वाढलेलं अन्न पाहुण्याच्या पुढ्यातून काढून घ्यायचं? आमच्या गावात याच्यावरून दोन घरांची बोलचाल बंद झालेली आहे. बप्पांची मान वर झाली. कपाळावरची शीर मला ओळखीची आहे, ती वर आली. त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर गेला.

"राहू द्या ते," लेक म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. फोनवर ज्याला तू म्हणते त्याला ती सगळ्यांदेखत अहो-जाहो करत होती. मुलानं वाडगा सोडला. तिनं पावाची टोपली उचलली, टेबलाला वळसा घालून बप्पांच्या शेजारी गेली, ओढणी डोक्यावर घेतली आणि पावाचा मोठा तुकडा त्यांच्या ताटलीत ठेवला.

"घ्या बप्पा. गार होतंय."

तिनं काय केलं ते आम्हा सगळ्यांना कळलं होतं, फक्त त्या मुलाला सोडून. वाढणारी बाई त्या घरची असते. लग्न ठरलेलं नाही, तोंड गोड झालेलं नाही, आणि ही उभी राहून त्याच्या घरचं आम्हाला वाढत होती. मी लाजेनं मेले. तिला हाताला धरून खाली बसवावं असं वाटलं, आणि माझा हात उचललाच नाही.

बप्पांनी तिच्याकडं बघितलं. मग टोपलीकडं.

"तू वाढतीस का इतं?"

"हो," ती म्हणाली. तिनं टोपली खाली ठेवली नाही. "घ्या की."

बप्पांनी खुर्चीच्या दांडीवरचा हात काढला. चमच्याला शिवले नाहीत. पाव हातात घेतला, त्याचे तुकडे मोडले आणि सूपमध्ये कुस्करले, कालवणात भाकरी कुस्करतात तसे. बोटांनी पहिला घास घेतला. सावकाश चावला. मुलगा जीव मुठीत धरून उभा होता.

"मीठ बरूबर हाय," बप्पा म्हणाले. "अजून थोडं गरम पायजे हुतं."

"पुन्हा गरम आणतो," मुलगा म्हणाला.

"आता ऱ्हाऊ दे. वाढ अजून एक," हे बप्पा लेकीला म्हणाले. तिनं दुसरा तुकडा पुढं केला, ते म्हणाले अर्धाच, तिनं पूर्ण घातला. यांनी चमचा उचलला. मुलगाही आता काय ते समजला असावा, कारण तो यांच्या मागं येऊन अवघडल्यासारखा म्हणाला, "बाबा, घ्या ना." यांना बाबा म्हणाला. यांनी सूप भराभर संपवलं, मान वर केली नाही.

मला नंतर गावात पुष्कळ जणींनी विचारलं, फ्रेंच जेवण कसं असतं. मी सांगते, दुसरं आलं ती वांगं-टोमॅटोची भाजी होती, चकत्या करून गोल मांडलेली, दिसायला छान, पण तिखटाचा पत्ता नाही. शेवटचं दुधाचं गोड चांगलं होतं, वर जाळलेल्या साखरेचा पाक. ताटल्या लहान, पोट भरायला पाव लागतो. हे सगळं मी सांगू शकते, पण त्या दिवशी ते मला खाताना कळलं नाही, हे खरं आहे. तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं. आम्ही पाहुणे झालो होतो. माझी लेक आम्हाला आग्रह करत होती आणि आम्ही तिच्याकडं आलेले पाहुणे होतो. हे कधीतरी होणार होतं, पण ते असं, काही न ठरता, एका टोपलीभर पावात होईल असं वाटलं नव्हतं. मला रडू आलं. ते मी पदरात पुसलं.

लेक टोपली घेऊन माझ्याजवळ आली. माझं सूप तसंच होतं. तिनं पाव ठेवला आणि हळूच म्हणाली, आई, घे. मी मान हलवली. बप्पा समोर होते. ती तिथंच उभी राहिली, पुन्हा म्हणाली, घे ना. आता तिला कसं समजावू, तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे.

बप्पांनी तोंड पुसलं, त्याच पांढऱ्या फडक्यानं. मग खुर्ची उचलून जराशी वळवली आणि आमच्याकडं पाठ करून खिडकीबाहेर, रस्त्याकडं बघत बसले.

"तुज्या आईला सांग," ते म्हणाले, "लेकीच्या घरून उपाशी जात न्हाईत."