औसा रोडचे चार कॅफे आणि एक बशी

मंडळी, लातूरच्या औसा रोडवर सगळ्यात भारी कॅफे कोणता, असं तुम्ही कधीचं विचारून राहिले होते. म्हणून आज दुपारी चार कॅफे पालथे घातले.

तीन ठिकाणी कॉफी झाली, फोटो झाले. चौथ्यात चहा मागवला, तर न मागता कपाखाली बशी आली.

मागच्या वर्षी आमचे अप्पा रेणापूरहून आले होते, तेव्हा त्यांना मोठ्या हौसेनं असल्याच एका कॅफेत नेलं होतं. चहा आल्यावर त्यांनी वेटरला विचारलं, "बशी न्हाई का हो?"

मी घाईघाईनं, दबक्या आवाजात म्हणालो, "अप्पा, इथं बशीत पीत नसतात."

"बरं," म्हणाले. चहा पार गार होईस्तोवर कपाकडं बघत बसले आणि मग दोन घोटांत संपवला. वर मलाच म्हणाले, "लई भारी हाय."

दिवाळीच्या आधी अप्पा गेले.

आज मी चहा बशीत ओतला आणि फुर्र आवाज करत प्यालो. कॅफे भरलेला होता, पण एकानंही मान वर करून बघितलं नाही.

पहिला नंबर याच कॅफेला. पण सांगा मंडळी, त्या दिवशी मी नेमका कुणाला लाजलो होतो?