उंडीवरची घंटा

घंटेचा दोर हातातून सोडला, की मास्तर खाडीकडे तोंड करून मोठ्याने म्हणायचे, "इस्कोल भरला." पोरं तर त्यांच्या पाठीमागे असायची. मग हे सांगत होते कोणाला, असं तुम्हीही विचारलं असतं.

आमची शाळा दोन मास्तरांची. मी धाकटा, ते मोठे. खाडीच्या अलीकडे आपला देश, पलीकडे पोर्तुगिजांचा. मास्तर पलीकडचे. "माझा परदेश एका विडीचा," असं ते म्हणत, कारण विडी ओढून संपेपर्यंत होडी त्या काठाला लागायची. पुढे हद्द बंद झाली आणि होड्याही थांबल्या.

तिकडे सत्याग्रहींना घरात आसरा दिला म्हणून त्यांना पळून यावं लागलं होतं. मागे आई एकटी. इकडे आल्यावर सावंतवाडी, कुडाळ, मालवण, जिथे शाळा दिसेल तिथे ते पायपीट करत गेले. सर्टिफिकेट पोर्तुगीज. एका कचेरीतल्या साहेबांनी ते उलटं धरून वाचलं म्हणे. "तुम्ही परदेशी," एवढंच उत्तर सगळीकडे. देवळाच्या ओवरीत झोपायचं आणि उठून पुन्हा चालू पडायचं. शेवटी आमच्या आडगावात कोणी मास्तर टिकेना, म्हणून त्यांना हंगामी घेतलं.

आल्या आल्या त्यांनी शाळेच्या पडवीतली घंटा काढून काठावरच्या उंडीच्या झाडाला टांगली. घंटा वाजवणं मॉनिटरचं काम, पण हे दोराला कोणाला हात लावू देत नसत. वाजवायला लागले की थांबायचं नाव नाही. शाळा कमिटीचे गावकर एकदा वैतागले. "मास्तरांनू, शाळा हय आणि घंटा थंय? असा खंय असता?"

"पोरां लांबसून येतत," मास्तर म्हणाले.

पोरं यायची डोंगराकडून.

एकदा पाऊस असा लागला की शाळेत एकही पोर आलं नाही. तरी यांनी भिजत घंटा वाजवलीच. मी चिडून विचारलं, "कोणासाठी?"

धोतर पिळत ते म्हणाले, "निघताना माझी आवस म्हणाली, थंय मास्तरच हो, आणि नोकरीक लागलंस काय माका कळय. पत्र धाडलंय तर पोलीस तिका छळतले. मग मी कळवू कसा?"

त्यानंतर मी त्यांना कधी टोकलं नाही. खरं तर माझाही जीव त्या घंटेत अडकला.

गोवा मुक्त झाला आणि होड्या सुरू झाल्या, तेव्हा मी त्यांच्यासोबत पलीकडे गेलो. घराला कुलूप होतं. शेजारीण बाहेर आली. आई आदल्या वर्षीच गेली होती.

"सकाळी ओट्यार येवन बसायची," ती म्हणाली. "म्हणायची, माझ्या झिलाचा इस्कोल भरला."

मास्तरांचा चेहरा उजळला. "तुमका घंटा ऐकाक येय?"

बाईने मान खाली घातली. "आमका कधी इली नाय. पण ती म्हणायची, म्हणान आमी पण व्हय म्हणायचो."

परतताना त्यांनी विडी पेटवली नाही.

दुसऱ्या दिवशी ते उंडीखाली दोर धरून बराच वेळ उभे राहिले. मग मॉनिटरला हाक मारून दोर त्याच्या हाती दिला आणि वर्गात आले. खाडीकडे पाठ करून म्हणाले, "इस्कोल भरला." अगदी हळू, समोरच्या पोरांना ऐकू जाईल एवढ्यानेच.