देवाने मला नळावर हाक मारली

देव माझ्याशी आयुष्यात एकदाच बोलला. नायगावच्या चाळीत, आमच्या मजल्याच्या सामाईक नळावर, सकाळी पाणी भरताना. त्याने काय बोलायचं ते मात्र मी आदल्या संध्याकाळी ठरवून ठेवलं होतं.

त्या दिवसांत आमच्या बाला दोनच गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. एक, मुंबई महाराष्ट्राचीच आहे, आणि दोन, देव नाही. पहिली सगळी चाळच म्हणत होती, त्यामुळे तिच्यात वाद घालायला कोणी सापडत नसे. मोर्चाला जायचं, घसा बसवून घ्यायचा आणि घरी येऊन गरम पाणी प्यायचं, एवढंच. दुसरी मात्र त्याची स्वतःची होती. आम्ही बौद्ध होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. देव्हाऱ्यातले खंडोबा आणि मरीआई बाने स्वतः नेऊन समुद्रात सोडले आणि रिकाम्या फळीवर दाढीचं सामान मांडलं. त्याआधी तो दारू प्यायचा, नवस बोलायचा आणि आईवर हात टाकायचा. तिन्ही एकदम सुटलं. एवढा मोकळा झालेला माणूस करणार काय? तो वाद घालायला लागला.

वादाला समोर मास्तर होते. हे बाचे लांबचे मामा, परळला मिशनच्या शाळेत शिकवायचे. त्यांच्या आजोबांनी नगरकडच्या आमच्याच गावात बाप्तिस्मा घेतला होता. म्हणजे गावच्या ज्या विहिरीवरून आमच्या पणज्याला हाकललं, तिच्यावरूनच यांच्याही आजोबांना हाकललेलं. एका घराण्याने त्यावर देव बदलला, दुसऱ्याने दोन पिढ्या विचार करून तो काढूनच टाकला. आता दर रविवारी मास्तर चर्चमधून आणि बा बुद्धवंदनेहून परतला, की दोघं गॅलरीतल्या बाकावर बसून एकमेकांना सुधारायचे. चहा करण्याचं काम माझं, त्यामुळे दोन्ही धर्मांचं शिक्षण मला फुकट मिळालं.

मास्तर म्हणायचे, तू गिरणीत चालवतोस तो साचा, म्हणजे माग, कुणीतरी बसवला म्हणून चालतो, मग हे एवढं जग आपोआप कसं चालेल? बा म्हणायचा, साचा बसवणाऱ्याला माझ्या बोटांची कधी काळजी वाटली नाही; तुमचा देव तसाच असेल तर नसलेला बरा. मास्तर म्हणायचे, माणसाच्या अकलेला देव सापडत नाही, तो आपण होऊन प्रकट होतो, बोलतो. बा म्हणायचा, तथागताने सांगितलंय, कुणी सांगितलं म्हणून काही मानू नका. मास्तरांनी चहाचा घोट घेतला आणि शांतपणे विचारलं, हे तरी तू त्यांनी सांगितलं म्हणूनच मानतोस ना? त्यावर बा आठवडाभर उत्तर जुळवत होता. जेवतानासुद्धा ओठ हलायचे. पुढच्या रविवारी त्याने मास्तरांना दारातच गाठलं आणि विचारलं, तुमचा देव बोलला तो कुठल्या भाषेत? मास्तर म्हणाले, हिब्रूत. बा म्हणाला, ज्याला अजून मराठी येत नाही, त्याने मुंबईच्या लोकांना शिकवायला येऊ नये. शेजाऱ्यांनी टाळ्या पिटल्या. मास्तरांनाही हसावंच लागलं, कारण मोर्चाला तेही जायचे.

मास्तरांची सगळ्यात आवडती गोष्ट एका लहान मुलाची होती. देवळात सेवेला ठेवलेल्या या मुलाला देव तीन वेळा नावाने हाक मारतो, आणि मुलाला वाटतं, म्हातारा पुजारीच बोलावतोय. ही गोष्ट मास्तरांनी महिनोन्महिने सांगितली आणि बाने महिनोन्महिने मोडून काढली. पोर उपाशी झोपलं असेल, तो म्हणायचा. उपाशी माणसाला काहीही ऐकू येतं. मला गिरणीच्या भोंग्यात माझं नाव ऐकू आलंय.

मी मॅट्रिक झाले तेव्हा या दोघांच्या वादाशी माझा पहिल्यांदा संबंध आला. मला नर्स व्हायचं होतं. नाहीतर माझ्या मामाच्या, आईच्या भावाच्या, मुलाशी लग्न ठरलेलंच होतं. तो वाईट नव्हता, पण त्याच्याशी पाच मिनिटं बोलून झालं की मला जांभई यायची आणि त्याच्याआधी त्याला. सरकारी इस्पितळाच्या फॉर्मवर जुनी जात लिहिली असती तर सवलत होती. बाने ठसठशीत ‘बौद्ध’ लिहिलं आणि सवलत गेली, तिच्यासोबत जागाही. मास्तर म्हणाले, आम्ही तर दोन पिढ्या त्या दाराबाहेर उभे आहोत, या. सरकारचा हिशेब सरळ होता: ज्याने देव बदलला तोही बाहेर, ज्याने काढून टाकला तोही बाहेर.

उरलं मिशनचं इस्पितळ. मास्तरांच्या ओळखीने मुलाखत मिळाली. मेट्रनबाई नगरच्याच, पांढऱ्या पातळातल्या, कडक. मार्क बघितले, हात उलटसुलट करून नखं बघितली आणि विचारलं, “या कामासाठी तुझं पाचारण झालंय का?” म्हणजे देवाने बोलावलंय का. हा प्रश्न त्या सगळ्या मुलींना विचारतात, हे मी मास्तरांकडूनच काढून घेतलं होतं. बाहेर बाकावर अकरा मुली बसल्या होत्या, बहुतेक ख्रिस्ती. मी मान खाली घातली आणि सांगितलं, की नळावर हंडा भरत असताना मला कुणीतरी नावाने हाक मारली. वाटलं आई असेल. आई म्हणाली, मी नाही. असं तीनदा झालं, आणि तिसऱ्यांदा आवाज म्हणाला, आजाऱ्यांकडे जा. सांगताना माझा गळा दाटून आला. तेवढा मात्र खरा होता, कारण मला मामाचा मुलगा दिसत होता.

मेट्रनबाईंनी चष्मा पुसला. मुलगी बौद्धाची, तेव्हा मास्तरांनी घरी जाऊन खात्री करावी आणि तसं लिहून द्यावं, असं त्यांनी ठरवलं. मास्तरांचा शब्द तिथे शेवटचा होता. ते खोटं लिहीत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं.

रविवारी मास्तर आले ते जवळजवळ पळतच. बाकावर बसलेसुद्धा नाहीत. त्यांनी सगळ्या गॅलरीच्या देखत बाला सांगितलं, की जो देव तू नाकारलास तो तुझ्याच दारात येऊन तुझ्याच मुलीशी मराठीत बोलला. मग नळ, हंडा, तीन हाका सगळं सांगितलं. आनंदाने त्यांचे डोळे भरले होते. आपलीच गोष्ट आपल्याला परत ऐकवली जातेय, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

बाच्या लक्षात आलं. तिसरी हाक यायच्या आधीच त्याने माझ्याकडे बघितलं. ती गोष्ट त्याने इतक्यांदा मोडली होती की तिचा एकेक टाका त्याला पाठ होता. शेजारी टाळ्या पिटायची वाट बघत होते. मी खोटं बोलले असं त्याने तिथे सांगितलं असतं, तर वर्षभराचा वाद त्याने एका वाक्यात जिंकला असता, कायमचा.

“तुझ्या कानावर आहे का हे?” मास्तरांनी विचारलं. “हो की नाही ते सांग. तू म्हणशील तसं लिहीन.”

बाने दारातून आतल्या फळीवरच्या दाढीच्या डबीकडे बघितलं.

“हो,” तो म्हणाला. “त्याच दिवशी सांगितलं व्हतं तिनं मला. म्याच म्हनलो, कुनाला सांगू नको.”

मास्तरांनी लिहून दिलं. चाळीत आठ दिवस बाची टिंगल झाली. देव नाही म्हणणाऱ्याच्या नळाला देव आला, असं पोरं ओरडायची. तो मला रागावला नाही, आणि मला ते जास्त लागलं. जिंकल्यापासून मास्तरांनाही बाकावर करमेना. ते यायचे, मुंबई कधी मिळणार यावर बोलायचे आणि जायचे.

होस्टेलला जायच्या आदल्या रविवारी मी वंदनेला त्याच्या शेजारी उभी होते. पंचशील सुरू झालं. हिंसा, चोरी, व्यभिचार, एकेक शील बा खणखणीत म्हणत होता. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, आणि माझ्या शेजारचा आवाज बंद झाला. मी मान वळवली नाही. पाचवं, दारूचं, आलं तेव्हा तो पुन्हा मोठ्याने म्हणू लागला.

त्यानंतर बा सव्वीस वर्षं जगला. सुट्टी असेल त्या रविवारी मी त्याच्या शेजारी उभी राहायचे. चौथं शील तो कधीच म्हणाला नाही. मी म्हणायचे.